प्रवासनोंदी, संशोधन आणि खासगीपण : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

कोण कोठून निघाले, कोठे गेले आणि केव्हा परतले, ही माहिती इतिहासाच्या अभ्यासकाला जितकी मोलाची, तितकीच ती सत्तेलाही हवी असते. मुळशीचा अभ्यास करताना ही गोष्ट प्रकर्षाने जाणवते. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु धरणाखाली जमिनी गेलेल्या कुटुंबांनी पुढे कोणती वाट धरली, याचा माग काढावयाचा तर घराघराच्या स्थलांतराचा तपशील हवा. आज त्याच तालुक्यातील हिंजवडीकडे रोज नोकरदारांची रीघ लागते. त्यांच्या प्रवासाचाही इतिहास उद्या लिहावा लागेल. असा तपशील इतर संशोधकांना उपलब्ध करून देताना माहिती देणाऱ्यास झळ पोहोचू नये, हे कसे साधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवासनोंद निरुपद्रवी नसते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये नोंदणी झालेल्या व्यक्तींच्या बोटांचे ठसे घेतले जात. हजेरी देणे, वास्तव्यातील बदल व गैरहजेरी कळविणे यांची सक्ती त्यांच्यावर करता येई. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ही दप्तरे आज संशोधनाची साधने म्हणून हाताळताना ती मुळात पाळतीसाठी निर्माण झाली होती, याचा विसर पडता कामा नये.

याउलट १९४८ च्या जनगणना कायद्याने वेगळा पायंडा पाडला. त्याच्या कलम १५ नुसार गणकाने केलेली नोंद पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले गेले. प्रसिद्ध झाली ती मात्र ‘इतर काम करणाऱ्यां’ची एकत्रित कोष्टके. (शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगांतील लोक त्यांत नाहीत, म्हणजे मुळशीतील फार मोठी पायपीट या कोष्टकांबाहेरच राहिली.) खासगीपण जपले गेले, पण वाटा पुसल्या गेल्या.

वाटा कायम ठेवून केवळ नावे गाळली तर? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख भ्रमणध्वनीधारकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. स्थळ व वेळ सांगणारे चार बिंदू ९५ टक्के व्यक्तींना इतरांपासून वेगळे ओळखण्यास पुरेसे ठरले. मुळशीत चारही लागणार नाहीत. ताम्हिणीच्या बाजूच्या एखाद्या पाच-दहा उंबऱ्यांच्या वाडीतून दर मंगळवारी पहाटे पौडच्या दवाखान्याकडे जाणारी एकच व्यक्ती असेल, तर तिचे नाव विचारण्याची गरजच काय? शहरात जो तपशील गर्दीत लपतो, तो डोंगरात उघडा पडतो. त्यामुळे पुण्यासाठी ठरविलेला नियम मुळशीला जसाच्या तसा लावणे मला सदोष वाटते.

११ मे २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’साठी केंद्र शासनाने जाहीर केलेल्या कार्यपद्धतीत निनावी केलेली माहिती भारतीय विद्यापीठे व संशोधन संस्थांना देण्याची तरतूद होती, तीवरून व्यक्ती पुन्हा ओळखण्यास मनाई होती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही संशोधनास सवलत दिली आहे. मात्र त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही व विहित मानके पाळावी लागतात.

आपल्या महाविद्यालयांतून मात्र पदवीचे विद्यार्थी प्रवासविषयक प्रश्नावल्या भरून आणतात, त्यांवर नाव व गाव असते आणि त्या विभागाच्या उघड्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. त्या जाळाव्यात, असे मी म्हणणार नाही; पुढील इतिहासकाराचे ते धन आहे. नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. प्रसिद्धीसाठी वाडीऐवजी गावांचा गट आणि घड्याळाच्या वेळेऐवजी प्रहर द्यावा. मूळ कागद ज्याला पाहावयाचे असतील, त्याने विभागात बसून, लेखी हमी देऊन पाहावेत. आणि हे सारे प्रश्नावली भरून घेण्यापूर्वीच, वाडीतल्या माणसाला समजेल अशा मराठीत सांगितले जावे.