चालक आज्ञावली, संगणकीय

मुद्रक, चुंबकीय तबकडी, कळफलक, जालकार्ड इ. उपकरणांचे नियंत्रण करणाऱ्या आज्ञावलीस चालक किंवा ड्रायव्हर म्हणतात. परिचालन प्रणाली ‘वाच’, ‘लिही’ अशा सर्वसाधारण आज्ञा देते; त्यांसाठी विशिष्ट उपकरणाच्या रजिस्टरांत कोणते अंक घालावयाचे व त्याच्याकडून संकेत आल्यावर काय करावयाचे, हे चालक ठरवितो. असे चालक प्रणालीच्या गाभ्यापासून (कर्नलपासून) वेगळे काढून ते गरजेनुसार भारता येतील असे सुटे घटक, म्हणजेच मोड्यूल, बनविण्याच्या पद्धतीचा विकास येथे दिला आहे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीत चालक गाभ्यातच गुंफलेले असत. नवे उपकरण जोडावयाचे झाल्यास गाभा पुन्हा जुळवून यंत्र बंद करून सुरू करावे लागे. एमएस-डॉसच्या २·० या आवृत्तीने (१९८३) कॉन्फिग·सिस या धारिकेत नाव नोंदवून चालक जोडण्याची सोय केली. परंतु असा चालक यंत्र सुरू होतानाच भारला जाई. चालत्या यंत्रात घटक भारण्याची सोय आयबीएमच्या एआयएक्स-३ (१९९०) व सन कंपनीच्या सोलॅरिस-२ (१९९२) या प्रणालींत आली. १९९१ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्ये १·२ या आवृत्तीपासून (१९९५) ही पद्धत स्थिरावली.

घटक भारताना त्याच्यासाठी स्मृतीत जागा राखली जाते, त्यातील अपूर्ण पत्ते गाभ्याने उघड केलेल्या नावांशी जुळविले जातात व घटकाचे आरंभकार्य चालवून तो नोंदविला जातो. घटक वापरात असेपर्यंत काढला जाऊ नये म्हणून त्याच्या वापरकर्त्यांची मोजणी ठेवतात. यातून एक पेचही निर्माण होतो : तबकडीवरील घटक वाचण्यास तबकडीचाच चालक आधी हवा. यास्तव आवश्यक घटकांचा लहान संच यंत्र सुरू होताना गाभ्याबरोबरच स्मृतीत आणतात.

महाराष्ट्रात या पद्धतीचे महत्त्व पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक, स्थापना १९८८) कार्यात दिसते. ‘परम ८०००’ (१९९१) या महासंगणकातील ट्रान्सप्यूटरांत परस्पर जोडणीचे दुवे प्रक्रियकातच अंतर्भूत होते. ‘परम १००००’ (१९९८) मात्र सन कंपनीच्या, सोलॅरिस चालविणाऱ्या संगणकांपासून बांधण्यात आला, आणि त्यांना जोडणारे ‘परमनेट’ हे वेगवान जाल केंद्राने स्वतः विकसित केले. पुढील ‘परम पद्म’मध्ये (२००३) आयबीएमचे संगणक व एआयएक्स प्रणाली होती. प्रणाली परकीय कंपनीची आणि जालकार्ड स्वदेशी, अशा बांधणीत प्रणालीचा गाभा न बदलता स्वतःचा चालक जोडता येणे अत्यंत मोलाचे ठरते. मूळ यंत्रे विकत घेऊनही त्यांच्या जोडणीचे तंत्र आपल्या हाती ठेवणे त्यामुळे सुकर होते.

तथापि घटक सुटा असणे म्हणजे तो अलग असणे नव्हे. भारल्यानंतर तो गाभ्याच्याच स्मृतिक्षेत्रात, गाभ्याच्याच अधिकाराने चालतो. त्यातील एक चूक सबंध यंत्र थांबवू शकते. यावर उपाय म्हणून चालक गाभ्याबाहेर, सामान्य आज्ञावलीप्रमाणे चालवावे, असा सूक्ष्मगाभावाद्यांचा आग्रह आहे. ॲन्ड्र्यू टॅनेनबाउम व टोर्व्हाल्ड्स यांच्यात १९९२ मध्ये प्रणालीच्या या रचनेवरून प्रसिद्ध वाद झाला. टॅनेनबाउम यांच्या मिनिक्स-३ (२००५) प्रणालीत चालक अशाच रीतीने वेगळे ठेवले आहेत. मात्र यात संदेशांच्या देवघेवीमुळे वेगाची काही किंमत मोजावी लागते.

या धोक्याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी आला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचा एक घटक विंडोजच्या गाभ्यात चालत असे. त्यास पुरविलेल्या सदोष माहितीमुळे जगभर सु. ८५ लाख संगणक बंद पडले व भारतातील विमानतळांवरही प्रवासी खोळंबले. गाभ्यात कोणाचा घटक शिरू द्यावयाचा, हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक सोयीपुरता न राहता सार्वजनिक सुरक्षिततेचाही झाला आहे.