मेंदूच्या इजेची नुकसानभरपाई (नाशिक जिल्हा)

अपघातात डोक्याला मार लागून मेंदूला कायमची इजा झालेल्या व्यक्तीला, किंवा तिच्या वतीने घरच्यांना, कायद्याने मागता येणारी रक्कम. नाशिक जिल्ह्यात असे दावे मुख्यतः रस्त्यावरच्या अपघातांतून उभे राहतात आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. कोर्टाच्या आवारात याला ‘एमएसीटी’ आणि घरोघरी नुसते ‘क्लेम’ म्हणतात. पाय मोडला की एक्स-रे बोलतो. मेंदूच्या इजेत मात्र माणूस चालतो, जेवतो, नमस्कारही करतो आणि तरी कामाचा उरलेला नसतो. अपघात कोणामुळे झाला हे सिद्ध करण्यापेक्षा माणसाचे नेमके काय गेले हे दाखवणे इथे अवघड असते आणि भरपाईचा आकडाही त्यावरच ठरतो.

जिल्ह्यातली वाहतूक अशा इजांना पोषक आहे. मुंबई–आग्रा महामार्ग, नाशिक–पुणे रस्ता, कसारा घाट आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग यांवरची भरधाव वाहने एकीकडे. दुसरीकडे लासलगाव-पिंपळगावच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या ट्रॉल्या, ज्यांना मागे दिवा सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नांदूर नाक्याजवळ खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली आणि १२ जण दगावले. २८ जानेवारी २०२० रोजी देवळ्याजवळ मेशी येथे एसटी आणि रिक्षा विहिरीत कोसळून २६ जण गेले. अशा घटनांची बातमी होते. दुचाकीवरून पडून डोके आपटलेल्या माणसाची मात्र पोलिस ठाण्यातल्या डायरीपलीकडे फारशी नोंद होत नाही.

कायदा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. आज १९८८ चा कायदा लागू आहे. कलम १६६ खाली अर्ज अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. त्यामुळे पुण्याजवळ अपघात झालेल्या सटाण्याच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. न्यायाधिकरणाचे काम जिल्हा न्यायाधीश दर्जाचे न्यायाधीशच पाहतात. निकालाविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते आणि नाशिकची अपिले मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही. ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे पटले तरी पुरते. म्हणून चालक फौजदारी कोर्टात निर्दोष सुटला तरी तेवढ्याने क्लेम बुडत नाही.

दोन वाहनांच्या चुकीत तिसराच जखमी झाला असेल, तर तो कोणत्याही एका वाहनाच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. त्या दोघांनी आपसांत काय ते पाहावे. एसटीविरुद्धच्या दाव्यात समोर विमा कंपनी नसते, भरपाई महामंडळच देते.

वैद्यकीय पुरावा. दाव्याचा पाया अपघाताच्या रात्रीच घातला जातो, पण त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी क्लेम नसतो. रुग्णालयात आल्या आल्या डॉक्टर ‘जीसीएस’ लिहितात. ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेली ही शुद्धीची मोजपट्टी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींना गुण देते. ३ म्हणजे सर्वांत वाईट, १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. ८ किंवा त्याखाली इजा गंभीर समजतात, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. केसपेपरवर गिचमिड अक्षरात ‘ई२ व्ही२ एम५’ असे लिहिलेले असते. म्हणजे बेरीज ९. ही ओळ पुढे दोन-तीन वर्षांनी उलटतपासणीत फार मोलाची ठरते, कारण तोवर माणूस घरी येऊन चहा पिऊ लागलेला असतो. सीटी स्कॅनच्या फिल्म, ऑपरेशनच्या नोंदी, एमएलसी (मेडिको-लीगल केस) क्रमांक, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले मूळ स्वरूपात जपावी लागतात. मेंदूला सूज आल्यास कवटीचा तुकडा काढून काही काळ रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि नंतर परत बसवतात. हे दुसरे ऑपरेशन अर्जात भावी खर्च म्हणून मागायचे राहून गेले, असे सर्रास घडते.

‘सौम्य’ हा शब्द फसवा आहे. कपाळामागच्या भागाला मार बसलेला माणूस महिनाभरात कामावर जातो आणि पुढच्या महिन्यात काढला जातो. हिशेब चुकतो, क्षुल्लक गोष्टीवर अंगावर धावून जातो, तोच प्रश्न दहादा विचारतो. फिट्स कधीकधी वर्षभराने सुरू होतात. वास येईनासा होतो, म्हणजे गॅस गळला तरी त्याला कळत नाही. स्कॅनमध्ये यातले बरेचसे दिसत नाही. त्यासाठी स्मृती, लक्ष आणि बुद्ध्यंक यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या लागतात आणि त्या मानसोपचार विभागात करून घ्याव्या लागतात. निम्मे क्लेम इथेच दुबळे होतात असे म्हटले तर वकील मंडळी फारशी हरकत घेणार नाहीत.

टक्का आणि काम. दिव्यांगत्वाचा दाखला २०१६ च्या कायद्यानुसार यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करून, तपासणीनंतर मिळतो. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी मंडळ बसते. मात्र दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाईतली घट नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. शरीराला किती टक्के अपंगत्व आले यावर न थांबता, ‘या माणसाच्या या धंद्यात’ त्याने किती कमाई गेली ते न्यायाधिकरणाने पाहायचे असते. ४० टक्के दाखला असलेला ट्रकचालक फिट्समुळे पुन्हा स्टिअरिंगला हात लावू शकत नसेल, तर त्याच्यापुरता तोटा १०० टक्के धरता येतो.

आकडेमोड अशी होते. समजा, पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतला ३२ वर्षांचा हमाल महिन्याला १५ हजार मिळवतो. वर्षाचे १,८०,०००. स्वतंत्र धंद्यातल्या ४० वर्षांखालील माणसाच्या भावी वाढीसाठी, २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे, त्यात ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. ही वाढ जखमींच्या दाव्यालाही लागू होते हे २०२० मध्ये ठरले. वयाचा गुणक २००९ पासून एका ठरलेल्या तक्त्यातून येतो. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणाकार ४०,३२,०००. हे झाले कमाईचे पूर्ण नुकसान. हाच हिशेब दाखल्यावरच्या ४० टक्क्यांवर अडला तर रक्कम १६,१२,८०० उरते. मधला २४ लाखांहून अधिक फरक डॉक्टरांच्या साक्षीत असतो. नुसता दाखला फायलीला लावून काम भागत नाही. ज्या डॉक्टरांनी तपासले त्यांनी पिंजऱ्यात येऊन हमालाला तोल, ओझे आणि आवाज का झेपत नाही हे सांगावे लागते. त्यांना बोलावणे, त्यांच्या ओपीडीच्या वेळा सांभाळणे आणि तारीख पुढे गेली की पुन्हा समन्स काढणे यात महिने जातात.

देखभाल. गंभीर इजेत कमाईपेक्षाही सांभाळाचा खर्च मोठा असतो. अंघोळ, कूस बदलणे, नळीतून अन्न, रात्रीचे जागरण. हे सगळे आई किंवा बायको करते म्हणून ते फुकट, असा समज विमा कंपनीचा असतोच, घरच्यांचाही असतो. ५ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने तो खोडून काढला. हरयाणातल्या १२ वर्षांच्या मुलीला २००७ मध्ये ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकने उडवले होते. मेंदूच्या इजेमुळे तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनीस धरले, प्रत्येकाला महिना ५ हजार आणि गुणक १८. केवळ या एका बाबीचे २१,६०,००० झाले. वेदना व यातनांचे १५ लाख धरले, विवाहाची संधी गेल्याबद्दल ३ लाख, आणि एकूण ६२,२७,०००. उच्च न्यायालयाने दिलेले २५,७८,५०१ त्याच मुलीसाठी पुरेसे मानले गेले होते! नाशिकच्या अर्जात ‘मदतनीस खर्च’ ही बाब स्वतंत्र मांडून, रोज काय काय करावे लागते याचे शपथपत्र देणारी घरची व्यक्ती साक्षीला उभी करणे त्यामुळे आवश्यक झाले.

अर्ज कोणी करायचा. कलम १६६ प्रमाणे अर्ज जखमीचा. त्याला समज नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे वादमित्र नेमला जातो. बहुधा पत्नी, वडील किंवा भाऊ. कोमातल्या माणसाचे बँक खाते किंवा शेतजमीन पाहण्यासाठी पालक नेमणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागते.

अर्धवट समज असलेल्या जखमीची साक्ष हा नाजूक प्रसंग असतो. विमा कंपनीचे वकील नाव विचारतात, तो सांगतो. गाव विचारतात, सांगतो. मुले किती, बरोबर सांगतो. ‘म्हणजे सगळे आठवते,’ असे म्हणून ते बसतात. सकाळी काय खाल्ले, कोर्टात कशाने आलो, समोर उभ्या वकिलांचे नाव आताच काय सांगितले होते, हे विचारायचे काम अर्जदाराच्या वकिलाचे. जुने आठवणे आणि नवे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायाधीशांपुढे असेच उघड होते.

विमा कंपनीचे बचाव. हेल्मेट नव्हते, हा पहिला. नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम पोलिस आयुक्तालयाने राबवली होती, त्यामुळे हा मुद्दा इथे जोरात मांडला जातो. नियमभंग आणि इजा यांचा संबंध दाखवण्याची जबाबदारी मात्र कंपनीवर असते. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून जखमीला दोषी धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. डोक्याच्या इजेत हेल्मेटचा युक्तिवाद त्याहून बळकट असतो, हेही खरे. चालकाचा परवाना खोटा किंवा संपलेला निघाला तर कंपनीने आधी रक्कम भरावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश होतात. शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसलेल्या मजुरांचा प्रश्न जास्त वाईट. पॉलिसी त्यांना धरत नाही आणि निकाल लागूनही मालकाच्या दाराशी वसुलीसाठी जावे लागते. घरच्यांच्या मेडिक्लेममधून मिळालेले पैसे भरपाईतून कापायचे नाहीत, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मिटवला.

समोर कोणी नसेल तर. दुचाकी स्वतःच घसरली तर चालवणाऱ्याचा कलम १६६ चा दावा उभा राहत नाही. मालक-चालकाच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याची मर्यादा २०१८ पासून १५ लाख आहे, पण ती मृत्यू, अवयव गमावणे किंवा पूर्ण कायम अपंगत्व यांसाठी. विसराळूपणा आणि चिडचिड त्यात बसत नाही. खड्ड्यामुळे पडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाट काढली: मृत्यूला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते. उडवून पळालेले वाहन सापडलेच नाही तर केंद्राच्या योजनेतून गंभीर इजेला ५० हजार मिळतात. मे २०२५ पासूनच्या रोकडरहित उपचार योजनेत सात दिवसांतला दीड लाखापर्यंतचा खर्च भागतो. न्यूरो आयसीयूत सात दिवस ही सुरुवात असते.

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कामावर डोक्याला मार बसला तर मार्ग वेगळा: ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), किंवा कर्मचारी भरपाई. दोन्ही कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. कामावर असताना रस्त्यावर अपघात झाला तर मोटार न्यायाधिकरण आणि कर्मचारी भरपाई यांतला एकच मार्ग निवडता येतो.

मुदत आणि तडजोड. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. मेंदू किती सावरणार हे कळायला वर्ष-दीड वर्ष जाते, तेव्हा ही मुदत अशा रुग्णांच्या दृष्टीने उफराटीच. मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही शहाणपण अर्ज लवकर आणि दाखला उशिरा यातच आहे. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मिळणारे अडीच लाख घेतले की कलम १६६ चा दावा संपतो. हे अनेकांना सही केल्यावर कळते. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नाही. मोडलेल्या हाताला ती सोयीची असेल, पण सहाव्या महिन्यात मेंदूच्या इजेचा हिशेब मिटवणे म्हणजे पुढच्या फिट्स आणि दुसरे ऑपरेशन स्वतःच्या खिशातून करणे. स्त्रिया, मुले, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

निकालाची रक्कम अर्जाच्या तारखेपासूनच्या व्याजासह न्यायाधिकरणात जमा होते. समज नसलेल्या जखमीच्या बाबतीत तिचा मोठा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवून व्याज दरमहा वादमित्राच्या हाती देण्याची रीत आहे. मुद्दल हवे असेल तर अर्ज करून कारण सांगावे लागते. दावा चालू असतानाच न्यूमोनियाने किंवा फिट येऊन माणूस गेला, तर तो दावा पूर्वी त्याच्याबरोबर जवळजवळ संपत असे. आता कलम १६६(५) प्रमाणे मृत्यूचा अपघाताशी संबंध असो वा नसो, इजेच्या भरपाईचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो.