उलटा सी

चित्रकलेच्या मास्तराला निवृत्ती नसते. गणिताचे मास्तर निवृत्त झाले की लोक त्यांना विसरतात. इतिहासाच्या मास्तरांना तर नोकरीत असतानाच विसरतात. पण सत्यनारायणाचा बोर्ड असो, नाहीतर सोसायटीतली ‘येथे चपला काढू नयेत’ ही पाटी असो, लोकांना माझी हटकून आठवण होते. “तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम!” हे वाक्य मी चौतीस वर्षे ऐकत आलो आहे. त्यामुळे आमची पुतणी पेढ्यांचा पुडा घेऊन आली, तेव्हाच मी ब्रश भिजत घातले.

पुतणी कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे नेमकी कुठे, ते मला अजून कळलेले नाही. माझ्याच जुन्या शाळेतल्या कॉम्प्युटरांवर लिनक्स बसवले होते आणि शिक्षक मंडळी त्याला हात लावायला तयार नव्हती. फुकट मिळालेय म्हणजे काहीतरी खोट असणारच, हे गणिताच्या सरांचे प्रमेय. ओपन सोर्स म्हणजे काय, हे त्यांना समजावायचे काम पुतणीकडे आले होते.

“काका, मी बोलायला लागले की ते झोपतात. तुम्ही चार तक्ते काढून द्या. चित्र समोर असलं की माणूस निदान डोळे उघडे ठेवतो.”

पहिला तक्ता प्रिंटरचा. पुतणीने सांगितले की प्रोग्रामची दोन रूपे असतात. एक, माणसाने लिहिलेले आणि माणसाला वाचता येणारे; तो सोर्स कोड. दुसरे यंत्राला कळणारे, नुसत्या आकड्यांचे. पूर्वी अमेरिकेत यंत्राबरोबरच प्रोग्राम मिळे आणि लोक तो एकमेकांना खुशाल देत. १९६९ साली आयबीएमने प्रोग्रामची किंमत वेगळी लावायचे जाहीर केले आणि पुढे हळूहळू सोर्स कोड कपाटात गेला. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक गृहस्थ होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना तसा निरोप जावा, अशी सोय त्यांनी प्रोग्राममध्ये केली होती. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद त्यातही अडके, पण सोर्स कोड नसल्यामुळे ती सोय करता येईना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाजवळ तो कोड होता. स्टॉलमन मागायला गेले, तर “कोणाला देणार नाही असं वचन दिलंय,” असे उत्तर मिळाले. स्टॉलमन संतापले. आपण संतापलो की घरी येऊन जेवतो. त्यांनी १९८३ साली सगळी यंत्रणाच नव्याने, सर्वांसाठी खुली लिहायची घोषणा केली आणि तिला ग्नू हे नाव दिले.

माझा प्रिंटर पाहून सभागृहात खसखस पिकली. बाहेर लोंबणाऱ्या कागदामुळे तो जीभ काढल्यासारखा दिसत होता, आणि चेहरा एका माजी मुख्याध्यापकांसारखा झाला होता.

दुसऱ्या तक्त्यावर एका वर्तुळात नुसता उलटा सी. “मास्तर, सी चुकला!” मराठीच्या बाई म्हणाल्या. चौतीस वर्षांत मी जाणूनबुजून काढलेले हे पहिलेच चुकीचे अक्षर. कॉपीराइटचा सी उलटा केला की कॉपीलेफ्ट. १९८९ साली स्टॉलमननी जीपीएल नावाचा परवाना केला. हक्क राखायचा कायदा त्यांनी हक्क वाटण्यासाठी वापरला. प्रोग्राम घ्या, वाचा, बदला, वाटा. विकलात तरी हरकत नाही. पण ज्याला द्याल त्यालाही हेच सगळे हक्क मिळाले पाहिजेत. प्रसाद घ्या, मात्र डबा बंद करून घरी नेऊ नका.

इंग्रजीत मोकळे आणि फुकट या दोहोंना ‘फ्री’ हा एकच शब्द. त्या घोटाळ्यातून सुटण्यासाठीच १९९८ साली काहींनी ‘ओपन सोर्स’ हे नाव काढले. स्टॉलमनना ते पटले नाही; स्वातंत्र्य हा मुद्दाच त्यातून गळतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे. एवढे ऐकल्यावर गणिताच्या सरांनी हाताची घडी सोडली.

मी मात्र अस्वस्थ झालो. नोकरीत असताना माझे तक्ते मी कोणाला देत नसे. लोक डाग पाडतात, माझ्या ससाण्याला मिशा काढतात. कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. निवृत्तीच्या दिवशी कपाट उघडले, तेव्हा वाळवीने माझा जीवनसंग्रह अत्यंत निःपक्षपातीपणे खाल्लेला होता.

तिसरा तक्ता पेंग्विनचा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक छोटी यंत्रणा करतो आहोत, असे लोकांना कळवले. ती फार मोठी होणार नाही, असा त्याचा अंदाज. २०१७पासून जगातले पाचशेच्या पाचशे अव्वल महासंगणक तिच्यावर चालू लागले. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच असते. एवढे सगळे लिहितो कोण? माझ्या पेंग्विनच्या हातात म्हणूनच शाळेचे हस्तलिखित दिले होते. मजकूर कोणीही पाठवावा. संपादक तपासणार, घेणार नाहीतर ‘साभार परत’. कोणी कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवायला टोरवाल्ड्सनीच २००५ साली गिट नावाचे साधन लिहिले.

“आणि भांडणं झाली तर?” अनुभवी प्रश्न.

“मंडळ फुटतं,” पुतणी म्हणाली. “२०१०मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं. फक्त इथं ढोल आणि वर्गणीच्या वहीवरून मारामारी होत नाही. दोघांकडेही सगळ्याची पूर्ण प्रत असते.”

चौथा तक्ता मनोऱ्याचा. ही कल्पना २०२०च्या एका अमेरिकन व्यंगचित्रावरून घेतलेली. एकावर एक रचलेला भला मोठा डोलारा आणि खाली सगळ्याला टेकू देणारा एक बारकासा ठोकळा, जो कोणीतरी एकटा माणूस वर्षानुवर्षे सांभाळतो आहे. मी डोलाऱ्याच्या जागी शाळेची इमारत काढली. पुतणीने सांगितले की २०२४ साली असेच घडले. फायली लहान करणारा एक्सझेड नावाचा प्रोग्राम एक थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. एक जण मदतनीस म्हणून आला, दोनेक वर्षे विश्वास मिळवला आणि चोरदरवाजा बसवून मोकळा झाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवले की यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने खोदून पाहिले आणि लबाडी उघडी पडली.

सभागृह गप्प झाले. अर्ध्या सेकंदाचे कोणाला नवल वाटले नसावे. सगळे मनोऱ्याखालच्या माणसाकडे पाहत होते. मी त्याला चेहरा काढला नव्हता. पण खांद्यावरचे फडके पाहून मराठीच्या बाई म्हणाल्या, “हा आपला घंटा देणारा मामा ना?” मामा मागे दारात उभा होता. “त्याला कधी कोणी बस म्हटलंय का?” असे मुख्याध्यापिकाबाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

कार्यक्रम संपल्यावर पुतणीने तक्त्यांच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. सवयीने मी चारही चित्रांखाली लिहून ठेवले होते, ‘सर्व हक्क चित्रकाराच्या स्वाधीन’. उलट्या सीखालीसुद्धा! मी निमूटपणे ते खोडले. पाहायला आलेल्या एका खेड्यातल्या गुरुजींनी तक्ते मागितले. वाळवीची आठवण झाली आणि मी दिले.

महिन्याभराने तक्ते परत आले. पेंग्विनच्या डोक्यावर गांधी टोपी होती. प्रिंटरला एक सुबक वायर आणि प्लग जोडलेला, आणि खाली लिहिले होते: ‘मूळ चित्र: मास्तर. दुरुस्ती: सातवी ब. वायरशिवाय प्रिंटर चालत नाही.’

टोपी मी पुसली. प्लग ठेवला.