काचेतली सायकल

बाटा ही आपल्याकडचीच कंपनी, अशी माझी लहानपणापासून समजूत. शाळेचे काळे बूट दर जूनला तिथूनच यायचे. 1998 साली प्रागला राहायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी ती समजूत मोडीत काढली. त्यांना मी बाबिच्का म्हणे. चेक भाषेत आजीला हाच शब्द. "बाटा आमचा रे," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या दुकानाची काच मी जन्मात विसरायची नाही."

1942 साली त्या अकरा वर्षांच्या. 27 मे रोजी प्रागमधल्या लिबेनच्या वळणावर तिथला नाझी सत्ताधीश राइनहार्ड हायड्रिख याच्या उघड्या मोटारीवर हल्ला झाला. योझेफ गाब्चिकची स्टेनगन ऐन वेळी अडकली, मग यान कुबिशने बॉम्ब फेकला. दोघंही डिसेंबरात इंग्लंडहून येऊन पॅराशूटने उतरलेले. हायड्रिख 4 जूनला मेला.

तपास गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, हाइन्झ पानविट्झकडे. हाती काय, तर मागे राहिलेली एक बायकी सायकल, दोन बॅगा, कोट, टोपी. ते सगळं वेन्सेस्लास चौकातल्या बाटाच्या शोकेसमध्ये मांडलं. माहिती देणाऱ्याला एक कोटी क्राउन. आसरा देणाऱ्याच्या घरादाराला गोळ्या. आई बाबिच्कांना तिथे घेऊन गेली, कारण न जाणंही शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं. वाटेत बजावलं, "बघ, पण फार वेळ नको. आणि पटकन मानही वळवू नकोस." किती बघायचं ते आईच्या पंजाने ठरवलं. पंजा आवळला की निघायचं. सायकलच्या साखळीला तेल होतं, एवढंच बाबिच्कांना आठवे.

दुसरी सायकल मात्र त्या काचेआड आली नाही. जखमी कुबिश तिच्यावरून निसटला आणि ती टेकवली लिबेनमधल्या बाटाच्याच दुकानाशी! आणायला गेली त्याला आसरा देणाऱ्या नोवाक कुटुंबातली चौदा वर्षांची यिंद्रिश्का नोवाकोवा. रक्ताळलेली सायकल नेणारी मुलगी लोकांनी पाहिली होती. मग साक्षीदारांपुढून मुली चालवल्या गेल्या. तिला कुणी ओळखलं नाही. की ओळख दाखवली नाही? मला दुसरंच खरं वाटतं.

हजारो घरांची झडती झाली, 10 जूनला लिडित्से गाव जाळलं, तरी धागा सापडेना. अखेर 16 जूनला कारेल चुर्दा आपल्या पायांनी गेस्टापोकडे गेला. तोही पॅराशूटनेच आलेला. गाब्चिकची बॅग त्याने ओळखली, आसऱ्याची घरं सांगितली. दोन दिवसांत रेसलोवा रस्त्यावरच्या चर्चला वेढा पडला. आत लपलेल्या गाब्चिक, कुबिश आणि त्यांच्या साथीदारांपैकी, म्हणजे एकूण सातांपैकी, एकही वाचला नाही. नोवाक कुटुंबाला ऑक्टोबरात माउटहाउझेनच्या छावणीत मारलं, यिंद्रिश्कासकट.

हिवाळ्यात मला बूट हवे होते. बाबिच्का चौकापर्यंत सोबत आल्या, पण थांबल्या पलीकडच्या फुटपाथवर. मी खोका घेऊन परतलो, तर विचारलं, "काचेत काय ठेवलंय?"

"बूट," मी म्हटलं.