अर्ध्या तासाचा इतिहास

गोंदिया तालुक्यांतील दवनीवाडा येथें सूर्य मावळला कीं, ज्यानें तशी योजना करून ठेविली असेल त्याच्या मोबाईलचा पडदा आपोआप पिवळसर होतो. अशीच योजना केलेला मुंबईंतील मोबाईल मात्र त्या वेळीं पांढराच असतो. त्याचा रंग पालटावयास आणखी सुमारें अर्धा तास जावा लागतो. दोहोंची घड्याळें एकच वेळ दाखवीत असतात. पण पडदा बदलण्याची घटका यंत्र आपल्या ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतें. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटें लागतात, आणि या दोन गांवांच्या रेखांशांत सात अंशांहून कांहींसें अधिक अंतर आहे. (ऋतुमानाप्रमाणें यांत थोडा फरक पडतो, तो येथें सोडून देऊं.) याच अर्ध्या तासासाठीं मुंबई शहरानें एके काळीं सरकाराशीं उघड वैर पत्करलें होतें, हें आज फार थोड्यांस ठाऊक असेल.

रेल्वे येण्यापूर्वीं ज्या त्या गांवाची वेळ त्या त्या गांवच्या सूर्याची होती. आगगाडीस हें चालण्यासारखें नव्हतें. सबंध देशाच्या गाड्यांना एक घड्याळ हवें, म्हणून 1870 च्या सुमारास मद्रासची वेळ पसंत करण्यांत आली. कारण तेथें 1792 पासून वेधशाळा होती, आणि तिच्या घड्याळाचा संकेत तारायंत्रानें दूरदूरच्या स्थानकांस कळवितां येत असे. तार आली कीं कांटे जुळवावयाचे. हुकूम एका ठिकाणीं, हालचाल हजार ठिकाणीं. आजच्या मोबाईलमधील आपोआप वेळ लावून घेण्याच्या सोयीचें मूळ मला येथेंच दिसतें.

गंमत अशी कीं, गोंदियाचा रेखांश मद्रासच्या रेखांशाशीं जवळजवळ जुळतो. 1880 नंतरच्या दशकांत या भागांत लोहमार्ग आला, तेव्हां स्थानकावरचें परकें घड्याळ आणि दवनीवाड्याच्या माथ्यावरचा सूर्य यांत मिनिटभराचाहि फरक नव्हता. येथें तंटा उद्भवण्यास कारणच नव्हतें.

मुंबईंत तें होतें. मद्रासची वेळ मुंबईच्या पुढें तीस मिनिटें. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं 1881 च्या डिसेंबरपासून सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ सुरू केली, आणि शहर बिथरलें. विद्यापीठानें राजाबाई मनोऱ्याचें घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवावयाचें ठरविलें. तेव्हां सरकारनें त्या घड्याळाच्या रात्रींच्या दिवाबत्तीचा खर्च देण्याचें नाकारलें! एवढ्या मोठ्या सत्तेला तेलवातीच्या हिशेबावर यावें लागलें, यांतच तिची अडचण दिसून येते. शेवटीं 1883 मध्यें सरकारच मागें सरलें.

1 जानेवारी 1906 रोजीं हल्लींची प्रमाणवेळ आली. दवनीवाड्याचा मध्यान्ह त्यामुळें सरासरीनें घड्याळांतल्या बारानंतर नऊ-दहा मिनिटांनीं होऊं लागला. तें कोणाच्या लक्षांतहि आलें नसावें. मुंबईंत मात्र हा फरक एकोणचाळीस मिनिटांचा. गिरणीकामगारांनीं त्याच महिन्यांत याविरुद्ध काम बंद केलें. त्यांस अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे, पण मला तसें करवत नाहीं. हिंवाळ्यांत जो पहांटे भोंग्याबरोबर घर सोडतो, त्याला एकोणचाळीस मिनिटें म्हणजे गणितांतला आंकडा नव्हे. तेवढा वेळ त्याला अधिक अंधारांतून चालावें लागतें. महापालिकेनेंहि जुनी वेळ सोडली नाहीं. सरकारी घड्याळ एक, शहराचें दुसरें, हा प्रकार 1955 पर्यंत चालला. मध्यंतरीं युद्धकाळांत, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, सगळ्या देशाची घड्याळें आणखी एक तास पुढें ढकलण्यांत आलीं होतीं, त्यामुळें या गोंधळांत भरच पडली.

या सर्व कलहांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कांटा कोणी तरी हातानें फिरवावा लागे, आणि ज्याला फिरवावयाचा नसे तो हात आंखडता घेऊं शके. मोबाईलांतील कांटा आपल्याला न विचारतां फिरतो. बंद करावयाची सोय असते, पण ती शोधणारे किती? तुर्कस्तानांत 2015 सालीं सरकारनें निवडणुकीसाठीं उन्हाळी वेळ दोन आठवडे लांबविली. परंतु 25 ऑक्टोबरच्या पहांटे असंख्य मोबाईल जुन्या नियमानुसार आपोआप एक तास मागें गेले. लोक उठले ते एकमेकांस किती वाजले म्हणून विचारीत. तेथें सरकारचा हुकूम यंत्रानें मानला नाहीं. मात्र तें कोणा नागरिकाच्या सांगण्यावरूनहि नव्हे.

जगांतील बहुतेक मोबाईल व संगणक वेळेच्या ज्या एका यादीवर चालतात, तींत हिंदुस्थानसाठीं कोलकाता हें एकच नांव आहे. त्या नांवाखालीं 1906 पूर्वींची मद्रासची वेळ नोंदलेली आहे, युद्धांतला जादा तासहि आहे. मुंबईच्या वेळेला तींत स्वतंत्र नांव नाहीं.