गाडीवर गाडी



“कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी” अशी एक म्हण आपल्याकडे आहे. दैवाचे फेरे सांगताना आपण ती सहज वापरतो. सांगलीच्या जुन्या माणसांना मात्र तिच्यात अलंकार दिसत नसे. १९२९ साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला; त्यापूर्वी भरल्या नदीतून इस्लामपूरच्या बाजूने सांगलीत यायचे, तर माणसाला काय आणि वाहनाला काय, नावेचाच आधार होता.

मोटार ही स्वतःच्या चाकांवर धावणारी वस्तू. पण बिऱ्हाड दूरदेशी निघाले आणि मोटार वयस्क असली, म्हणजे तिलाही दुसऱ्याच्या पाठीवर बसून जावे लागते. हा प्रवास आपल्या दोन जिल्ह्यांत कसकसा घडत आला, हे मला आज सांगायचे आहे. जिल्हे दोन म्हणायचे ते आता. १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असेच होते.

मुंबईहून पुण्यास येणारा लोहमार्ग साडेपाच फूट रुंदीचा. पुण्याहून मिरज, बेळगावकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग मात्र मीटरचा, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. हा मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला आणि १९७१ च्या सुमारास कोल्हापूरपर्यंत रुंद झाला. मधल्या ऐंशी वर्षांत मुंबईहून आगगाडीने इकडे निघालेल्या प्रत्येक वस्तूला पुण्यास एक वाघिण सोडून दुसरीत चढावे लागे. कापसाच्या गठ्ठ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. मोटारीचे बिघडते. दोरखंड सोडायचे, धक्क्यावर उतरवायची, ढकलत न्यायची, अरुंद वाघिणीत पुन्हा बसवायची, पुन्हा बांधायची. धावत्या गाडीत मोटार क्वचितच मोडते. ती मोडते या सांध्यावर. माझ्या सगळ्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे, तेव्हा तो आधीच सांगून टाकलेला बरा.

साताऱ्याची तर आणखी एक तऱ्हा. त्या काळी आगगाडी साताऱ्यास आलीच नाही. ती पाडळीजवळून गेली आणि तिथल्या स्टेशनाला ‘सातारा रोड’ असे नाव मिळाले. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ शब्द दिसला की गाव अजून दूर आहे असे समजावे, हा रेल्वेचा जुना शिष्टाचारच आहे! सांगली शहरही मुख्य मार्गावर नव्हते. मिरजेहून तिला एक लहानसा फाटा होता. म्हणजे सांगलीच्या वाटेवर पुण्यानंतर मिरजेचाही सांधा आलाच.

याच्या उलट उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १९१० साली त्यांनी बेळगाव सोडले आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, आपला कारखाना आणला. हे बिऱ्हाड घरगुती नव्हे, यंत्रांचे होते. पण बेळगाव ते कुंडल रोड हा सारा मार्ग एकाच रुंदीचा. जागेची निवड अर्थातच राजेसाहेबांच्या आश्रयामुळे झाली. तरी मार्गात रुंदीचा सांधा नसणे ही अवजड सामान हलवणाऱ्याला केवढी सोय, हे ज्याने कधी लेथ उचलून ठेवली आहे त्याला सांगायला नको.

मिरजेला १९२७ साली बार्शी लाईट रेल्वे येऊन मिळाली. तिचा रूळ अवघा अडीच फुटांचा. पुढे रुंद मार्ग आल्यावर मिरजेस तिन्ही रुंदींचे रूळ काही काळ एकत्र नांदले. बार्शी लाईटचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा मोठा कल्पक इंजिनियर. इंग्लंडमध्ये १९०४ साली उघडलेल्या लीक व मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर त्याने मोठ्या रुळांची वाघिण उचलून ठेवता येईल असे सपाट गाडे वापरले. माल उतरवायचा नाही, मालासकट वाघिणच गाड्यावर चढवायची. सांधा टाळण्याची ही युक्ती मला फार आवडते. कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले मालट्रक सपाट डब्यांवरून नेण्यास आरंभ केला, तो याच जातीचा विचार. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने खासगी मोटारींसाठीही तशी गाडी सोडली. एका खेपेस ४० मोटारी, मोटारीमागे ७,८७५ रुपये, आणि मालक मागच्या डब्यात.

आता घरची गोष्ट. माझ्या एका सांगलीकर स्नेह्यांची १९६२ ची फियाट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हा कारखाना वालचंद हिराचंदांचा. त्यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्यामुळे सांगलीकरांना ती गाडी नात्यातली वाटते. स्नेही वारले आणि २०२३ साली मुलगी गाडी देहरादूनला न्यायला निघाली. अंतर १,८०० किलोमीटरच्या आसपास. चालवत न्यावी, तर वाटेत दिल्लीचा परिसर, आणि तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली निराळी नोंदणी निघाली आहे, २०,००० रुपये शुल्काची; पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला नाही. मुलीला तर बापाच्या गाडीतून भाजी आणायची होती! तेव्हा तिने साधी नोंदणीच ठेवली, सांगलीच्या परिवहन कार्यालयातून ना हरकत दाखला घेतला आणि बंद ट्रक ठरवला.

पेट्रोल जवळजवळ संपवले, बॅटरीची तार सोडली, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले. पट्टे चाकांवरूनच घ्यावेत, बंपरला दोर लावू नये, असे मिस्त्रींनी ट्रकवाल्याला तीनदा बजावले. ट्रकवाल्यानेही गाडी शेवटपर्यंत याच ट्रकात राहील असा शब्द दिला होता. उत्तरेतल्या कुठल्याशा आवारात ती दुसऱ्या, लहान ट्रकात चढली. पोचली तेव्हा पुढचा बंपर मधोमध वाकला होता. बंपर पत्र्याचा, तो तिथल्या कारागिराने ठोकून सरळ केला. आधीचे फोटो होते म्हणून भरपाईचे निम्मे पैसे तरी हाती आले.

पण गाडी चालू होऊन लगेच बंद पडू लागली आणि तिथे त्या कार्ब्युरेटरला हात लावायला कोणी धजेना. मुलीने सांगलीस फोन केला.

“ताई, इंजिन चालू करा आणि फोन बॉनेटपाशी धरा,” मिस्त्री म्हणाले.

तिने धरला. इकडे मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मी शेजारीच बसलो होतो. इंजिन दोनदा खाकरले आणि गप्प झाले.

“टाकी रिकामी केली ना, तळाचा गाळ वर आलाय. जेट काढून फुंकर मारा. मी सांगतो कुठला ते.”