यॉर्क या नावाची कुळकथा

ग्रामनामाचा अर्थ त्याच्या आजच्या उच्चारावरून लावू नये, हे ज्यांस पटत नसेल त्यांनी इंग्लंडातील यॉर्ककडे पाहावे. इ. स. ७१ च्या सुमारास रोमनांनी तेथे छावणी वसविली. ती ‘एबोराकम’ या नावाने प्रसिद्ध झाली. नाव मूळचे केल्टिक. ‘यू’ नामक सदाहरित वृक्षांचे ठिकाण, असा त्याचा अर्थ बहुतेक पंडित करतात. मागाहून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांस तो शब्द उमगेना. त्यांनी त्यात आपला ‘एओफोर’, म्हणजे रानडुक्कर, ऐकला. वसतिवाचक ‘विक’ जोडला आणि ‘एओफोरविक’ केले. झाडाचे डुक्कर झाले ते असे! ८६६ मध्ये डेन लोकांनी शहर घेतले. त्यांच्या तोंडी त्याचे ‘योर्विक’ झाले व तेच पुढे झिजून यॉर्क उरले. जुने लेख हाती नसते, तर यॉर्कमधून तो वृक्ष शोधून काढणे आम्हांस तरी साधले नसते.